फुग्याची शेपटी

४ जुलै

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा घालणार होते, पण हे पत्र शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत बसून लिहितेय आणि खेळाचे सर समोर डबा खातायत. तेव्हा मनातल्या मनात घातला असं धरून चाला.

फोन का केला नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वेळी मी "मला सातवी ब चा वर्ग मिळाला" म्हणून ओरडले आणि तुम्ही "कुठला मार्ग? कुठे चाललीस?" म्हणून हैराण झालात. शेवटी आईने फोन ओढून घेतला, आणि मग तुम्हा बहीणभावांचं जे सुरू झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. मेसेज पाठवावा तर अंगठ्याने लिहिलेल्या भाषेला तुम्ही भाषाच मानत नाही. राहिला कागद.

तर बातमी! आमच्या मोठ्या बाईंनी संगणकाच्या खोलीतला आठवड्याचा एक तास भाषेला दिलाय. म्हणजे मला! आजवर तिथे फक्त गणिताच्या तासाला मुलं जायची. मी महिनाभर त्यांच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी कंटाळून म्हणाल्या, "घ्या बाई एकदाचा तो तास."

एक वेबसाइट आहे. तिच्यावर आपली आपण चित्रकथा बनवता येते. चित्र काढता यायला नको. माणसं, घरं, झाडं, टेबलं-खुर्च्या सगळं बाजूला मांडलेलं असतं. हवं ते चौकटीत ओढून आणायचं, माणसाच्या तोंडाशी फुगा लावायचा आणि फुग्यात त्याचं बोलणं लिहायचं. मी ठरवलंय की मुलांनी "कडी" हा पाठ असाच चौकटींत मांडायचा. हो, तोच "कडी", तुम्ही जन्मभर शिकवलेला. आणी अजून पुस्तकात आहे तो!

मला रात्री झोप लागत नाहीये इतका आनंद झालाय. तुम्हाला कसं वाटतं ते कळवा. खरं कळवा.

तुमची,
ठकू


९ जुलै

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवतो आहे. "आणि" ची वेलांटी पहिली असते हे तुला तुझ्याच सातवीत सांगितलं होतं. आता तू शिक्षिका आहेस. तुझी चूक चाळीस वह्यांत उतरते.

खरं कळवायला सांगितलंस म्हणून खरं कळवतो. मला हे मुळीच पसंत नाही. फुगे वाढदिवसाला शोभतात. पाठ वाचायचा असतो, पुन्हा वाचायचा असतो, आणि मग डोळे मिटून बसायचं असतं. त्या अंधारात मुलाला जे घर दिसतं ते त्याचं स्वतःचं. तुझी वेबसाइट त्याला तयार घर देणार, तयार आई देणार आणि तयार बाप देणार. मग मुलाने काय करायचं? उंदीर फिरवायचा?

बरं, तुझ्या उत्साहावर पाणी ओतायला मला आवडत नाही, तुझी आई मला बोलेल. म्हणून एक परीक्षा सांगतो. त्या पाठातलं शेवटचं वाक्य घे. "कडी लावू नका. अजून एक जण यायचा आहे." आणि विचार पोरांना, कोण कोणास म्हणाले? हा प्रश्न मी दरवर्षी घातला. दोन गुण. उत्तर, आई वडिलांना म्हणाली. तुझ्या फुग्यांतून हे एवढं जरी निघालं तरी मी गप्प बसेन.

निघणार नाही.

तुझा,
मामा

ता.क. गुडघा बरा आहे. सून रोज चालायला नेते. मी तिला विशेषणं शिकवतो.


१९ जुलै

ती. मामा,

नमस्कार, आणि "आणि" ची वेलांटी पहिली. बघा, शिकले.

मामा, निघालं! पण तुम्ही म्हणता तसं नाही निघालं. जरा बसून वाचा.

तुम्हाला पाठ तोंडपाठ आहे, तरी मुलांनी तो कसा मांडला ते सांगते. पहिली चौकट, थोरला मुलगा बापाशी भांडून घर सोडतो. दुसरी, आई वडिलांशी बोलणं टाकते. मग नुसत्या रात्री. रोज रात्री वडील उठून दाराला कडी लावतात. आजोबा खुर्चीत काठी धरून बसलेले, धाकटी बहीण पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेली, आई पाठ फिरवून. आणि शेवटच्या रात्री वडील कडीला हात लावतात तेव्हा ते वाक्य येतं आणि हात तिथेच थांबतो.

सगळ्यात आधी गोंधळ झाला तो वडिलांच्या चेहऱ्यावरून. वेबसाइटवर चेहरे चारच. हसरा, रडका, रागीट आणि दचकलेला. एक मुलगी म्हणाली, "बाई, याच्यात हट्टी नाहीये. वडील रागावलेले नाहीत, हट्टी आहेत." दुसरा म्हणाला, "हट्टी नाहीत, त्यांना वाईट वाटतंय पण दाखवायचं नाहीये." आणि मग त्यांनी काय केलं असेल? रागीट चेहऱ्याच्या भुवया काढल्या आणि रडक्या चेहऱ्यावर बसवल्या! मामा, हा "तयार बाप" नाही. हा त्यांनी स्वतः घडवलेला बाप आहे.

आता तुमचा प्रश्न. प्रत्येक फुग्याला एक शेपटी असते. ती ज्याच्या तोंडाकडे वळवाल तो बोलतो. म्हणजे "कोण म्हणाले" हेच की! शेपटी वळवल्याशिवाय फुगा पुरा होत नाही. शेवटच्या चौकटीला पोरं पोचली आणि सगळ्या खोलीत एकच कल्ला झाला, "बाई, शेपटी कोणाकडे?" पाठात "आई म्हणाली" असं लिहिलेलंच नाही! मी गेल्या वर्षी शिकवला, माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या गटाने शेपटी आईकडे नेली. दुसऱ्या गटाने पांघरुणाखालच्या बहिणीकडे. पुढच्या बाकावरच्या मुलीने कारण दिलं, "झोपलेलं माणूस पांघरूण इतकं घट्ट धरत नाही." तिसरा गट अजून भांडतोय. तास संपला तरी उठेनात. संगणकाच्या सरांनी दिवे बंद केले तेव्हा बाहेर पडले.

आता काळजीची गोष्ट. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना फक्त कल्ला ऐकू गेला. त्या स्वतः गणिताच्या. म्हणाल्या, "एकवीस ऑगस्टला मी दोन ज्येष्ठ शिक्षकांना घेऊन तुमचा तास बघायला येते. यातून मुलं काही शिकतात असं दिसलं तर तास तुमचा. नाहीतर गणिताला परत." म्हणजे एका तासावर सगळं. तो गेला तर पुन्हा फळा, शब्दार्थ आणि "मोठ्याने वाचा". मला ते नकोय, मामा. अजिबात नकोय.

तुमची,
ठकू


२४ जुलै

चि. ठकूस,

आशीर्वाद.

पत्रात तीनच चुका. प्रगती आहे.

बहीण? बहीण कशी असेल? आणि तिसरा गट कशावर भांडतो आहे? यात भांडण्यासारखं काय आहे? वाक्यात "लावू नका" आहे. "नका" हे मानाचं रूप. आजोबा आपल्या मुलाला "लावू नकोस" म्हणतील. तेव्हा आजोबा बाद. बहीण "बाबा" अशी हाक मारल्याशिवाय बोलेल का? बाद. राहिली आई. हे मी फळ्यावर एकाखाली एक लिहून सोडवत असे, आणि वर्ग कसा शांत असे! टाचणी पडली तर ऐकू येई. (तेव्हा मला टाचणी ऐकू येत असे.)

भुवयांची गोष्ट मी सुनेला वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण तो बाप "रागीट नाही, हट्टी आहे" असं म्हणणारी मुलगी कोण? तिला पुढे बसव.

आणखी एक. त्या वेबसाइटचा पत्ता पाठव. गैरसमज नको. विरोध करायचा तर पूर्ण माहिती घेऊन करावा, एवढंच.

एकवीस तारखेची काळजी करू नकोस. तुझा तास बघायला दोन काय, दोनशे ज्येष्ठ आले तरी तू ज्येष्ठाचीच भाची आहेस.

मामा


१ ऑगस्ट

ती. मामा,

नमस्कार. विरोधासाठी सगळी सामग्री सोबत पाठवतेय! पत्ता मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलाय, वहिनी उघडून देतील. वर्गाचं एकच खातं आहे, चाळीस जणांचं मिळून. त्याचा पासवर्ड मुलांनी ठरवलाय. "कडीलावूनका". एकत्र लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही. आहे की नाही गंमत? दाराला कुलूप, आणि कुलपाचं नावच कडी लावू नका.

आत गेलात की तिन्ही गटांच्या चित्रकथा दिसतील. अक्षरं बघून चिडू नका हं. त्या वेबसाइटला आपली जोडाक्षरं झेपत नाहीत, कधी कधी वेलांटी अक्षर सोडून पुढे पळते. त्यात मुलांच्या चुका वेगळ्या. शुद्धलेखन मी शेवटी एकदम घेणार आहे. आधी पोरं बोलू देत.

तिसऱ्या गटाचं भांडण मिटलं! काय केलं असेल त्यांनी? शेपटीच काढून टाकली! फुगा नुसता खोलीच्या मधोमध तरंगतोय. मी म्हटलं, "अरे, शेपटी राहिली." तर गटाचा म्होरक्या म्हणतो, "राहिली नाही बाई, ठेवलीच नाही. कारण तासाला सांगू." एकवीस तारखेला सांगणार आहेत. मलाही सांगत नाहीत! आपापसात कुजबुजतात आणि मी जवळ गेले की गप्प. त्या एका शेपटी नसलेल्या फुग्यावर माझा सगळा जीव टांगलाय आणि मला त्यातलं काही माहीत नाही. पण इतकी मजा मला शाळेत कधी आली नव्हती.

तुम्ही बघा आणि सांगा.

तुमची,
ठकू


९ ऑगस्ट

ठकू!

आशीर्वाद वगैरे सगळं.

अगं, हे काय प्रकरण आहे! मी काल जेवायला उठलो नाही. सुनेने ताट टेबलावर आणून दिलं आणि म्हणाली, "मामंजी, निदान उजवा हात तरी उंदरावरून काढा." मी एक चित्रकथा केली. सात चौकटी! मी स्वतः! त्यात एक निवृत्त शिक्षक आहे, तो फिरायला जातो आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढतो. शेवटी दुकानदार त्याला एक डबा रंग आणि ब्रश देतो. सुनेला हसू आवरेना. मुलगा कामावरून आला तर त्यालाही दाखवली. त्यालाही आवडली असावी, तो तसा मोघमच बोलतो.

तक्रारी आहेत. त्या लोकांकडे म्हातारा एकच आहे आणि त्याला काठी चिकटवलेली आहे, ती निघत नाही. मला काठी लागत नाही! आणि विचाराचा फुगा वेगळा असतो हे तू का सांगितलं नाहीस? ढगासारखा, खाली लहान लहान गोल. म्हणजे माणूस बोलतो एक आणि मनात दुसरंच, हे एकाच चौकटीत! मी "स्वगत" शिकवायला तास घालवत असे. इथे दोन गोल काढले की झालं.

तुझ्या पोरांच्या चित्रकथा पाहिल्या. तो भुवयांचा बाप पाहिला. बराच वेळ पाहिला. निवृत्त झाल्यापासून मी वर्ग पाहिला नव्हता, ठकू. संगणकावर चाळीस पोरांचा तो पसारा उघडला आणि पुन्हा वर्गात शिरल्यासारखं झालं. कुणी उभं राहिलं नाही एवढंच.

बाकी किरकोळ कामं मी केली आहेत. ती तुला कळतीलच. आभार मानायची गरज नाही.

आता मी दुसरी चित्रकथा घेतो आहे. एकवीस तारखेला माझा आशीर्वाद.

मामा


२२ ऑगस्ट

मामा,

नमस्कार नंतर. आधी भांडण.

"किरकोळ कामं"! तुमचं पत्र वाचून मला वाटलं, तुम्ही घरचे नळ दुरुस्त केले असतील! मी आठवडाभर चाचणीच्या वह्या तपासत होते, संगणकाचा तासही चाचणीत गेला, खातं उघडायलाच मिळालं नाही. काल मोठ्या बाई आल्या, मागे दोन ज्येष्ठ शिक्षक, तिघं मागच्या बाकावर बसले. मी म्हटलं, "चला, उघडा आपापली चित्रकथा." मुलांनी उघडली.

आणि एकच बोंब. "बाई! आमचं बदललं!"

सगळ्या फुग्यांतली वाक्यं शुद्ध! बहिणीच्या तोंडी मुलांनी घातलेलं "मला नाय झोप येत" तिथे "मला निद्रा येत नाही." निद्रा, मामा! आठ वर्षांची पोर आणि निद्रा! दुसऱ्या गटाची शेपटी बहिणीकडून काढून आईला लावलेली. आणि तिसऱ्या गटाच्या तरंगत्या फुग्याला एक लांबलचक शेपटी, खोलीभर फिरून आईच्या तोंडात.

मी एका क्षणात ओळखलं. "निद्रा" लिहिणारा माणूस या जगात मला एकच माहीत आहे. पण मोठ्या बाईंसमोर काय सांगू, की पासवर्ड मी पत्रातून मामांना दिला? मोठ्या बाईंनी वही उघडली आणि काहीतरी लिहायला लागल्या. मला वाटलं, संपलं. गेला तास.

तेवढ्यात तिसऱ्या गटाचा म्होरक्या उभा राहिला. लालबुंद झाला होता. "हे चूक आहे. ज्याने केलं त्याने पाठ वाचला नाहीये!"

मामा, तुमच्याबद्दल असं कोणी बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याने पुस्तक उघडलं. म्हणाला, "लेखकाने सगळ्या पाठात म्हणाला, म्हणाली लिहिलंय. बघा. इथे आहे, इथे आहे, इथे आहे. फक्त या एका वाक्यापुढे नाही. त्याला लिहिता आलं नसतं का?" शेजारची मुलगी उठली, "आणि आई वडिलांशी बोलतच नव्हती. ती जर पहिल्यांदा बोलली असती तर लेखकाने सांगितलं नसतं? एवढी मोठी गोष्ट?" पहिला गट खवळला. "म्हणूनच तर आई! म्हणून तर वडिलांचा हात थांबला!" "मग बहीण बोलली असती तर थांबला नसता?" पुस्तकं फडाफड उघडली गेली. मी "पान काढा" म्हटलंच नव्हतं. संगणकाकडे कोणी बघतही नव्हतं!

मी तुमच्या बाजूने बोलायचं म्हणून म्हटलं, "पण 'नका' हे मानाचं रूप आहे. आजोबा नकोस म्हणतील." आणि कोपऱ्यातून ती "हट्टी" शोधणारी मुलगी (तुमच्या सांगण्यावरून पुढे बसवली होती, ती पुन्हा मागे गेलीय) म्हणाली, "बाई, 'नका' एकाला मान द्यायलाही म्हणतात आणि सगळ्यांना मिळूनही म्हणतात. तुम्ही आम्हाला 'गोंधळ करू नका' म्हणता, तेव्हा मान देता का?"

सगळा वर्ग हसला. मोठ्या बाईही! ती पुढे म्हणाली, "कडी वडील एकटे लावत असतील, पण घरात कोणीच त्यांना अडवलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांनीच लावली. मग हे वाक्य आजोबांचंही असेल, सगळ्यांना उद्देशून." आणि म्होरक्याने शेवट केला. "म्हणून आम्ही शेपटी ठेवली नाही. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की हे आपण म्हणायला हवं होतं. शेपटी लावली की बाकीचे सुटतात."

मामा, हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

मागच्या बाकावरून मोठ्या बाई म्हणाल्या, "नाही, पण आईच असणार." आपण तपासायला आलोय हे विसरूनच गेल्या होत्या! ज्येष्ठांपैकी एक म्हणाले, "मला तर बाई, बहीण वाटते." दोघांची जुंपली. घंटा झाली तरी मोठ्या बाई एका मुलाचं पुस्तक हातात घेऊन उभ्यानेच पाठ वाचत होत्या. मग भानावर आल्या, पुस्तक मिटलं आणि तशाच निघून गेल्या.

निर्णय अजून नाही. सोमवारी कळेल म्हणे. मी नखं खाऊन संपवलीत.

मुलांना मी खरं सांगितलं की हे माझ्या मामांनी केलं. त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. नवा आहे "कडीलावली". सांगितलाय, पण तुम्ही आता आत यायचं नाही.

रागावलेली (पण फार नाही),
ठकू


२६ ऑगस्ट

चि. ठकूस,

आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. या वेळी मी ते तपासलं नाही.

मी तुझ्या मोठ्या बाईंना पत्र लिहू का? सगळा दोष माझा आहे असं स्पष्ट लिहितो. तास गणिताला गेला तर माझ्या मूर्खपणामुळे जाईल, तुझ्यामुळे नाही. मला खरंच वाटलं होतं की मी मदत करतो आहे. चुकलेला शब्द दिसला की माझा हात थांबत नाही, ठकू. आणि शेपटी नसलेला फुगा दिसला तेव्हा मला ती चूकच वाटली.

त्या मुलीचं "नका" मी तीनदा वाचलं. जन्मभर शिकवलेल्या शब्दाला दुसरा अर्थ आहे हे मला माहीत होतं. दुसरीचं पोर सांगेल तो अर्थ. पण त्या वाक्यात तो बसवून पाहायचं कधी सुचलं नाही, कारण उत्तर माझ्याकडे आधीच होतं, कडी लावून ठेवलेलं. संध्याकाळी सुनेला म्हणालो, आज मला एका सातवीच्या मुलीने पाठ शिकवला. आणि काय सांगू, मला वाईट वाटलं नाही. मला इतका आनंद झाला की मी घरात येरझाऱ्या घालत होतो.

"निद्रा" बद्दल मात्र क्षमा माग माझ्या वतीने. ते अक्षम्य आहे.

सोमवारी काय झालं ते ताबडतोब कळव. फोन कर. मी ऐकेन. सूनबाई ओरडून सांगेल.

मामा

ता.क. काल सवयीने जुनाच पासवर्ड घालून खातं उघडायला गेलो. "पासवर्ड चुकला" असं लाल अक्षरांत आलं. लाल अक्षरं माझ्यावर कोणी कधी काढली नव्हती.


१ सप्टेंबर

ती. मामा,

साष्टांग नमस्कार, आणि हा खराखुरा!

फोनवर ओरडून सांगितलं ते तुम्हाला "पास झालो" ऐकू आलं की "तास आला" ते कळलं नाही, पण दोन्ही बरोबरच आहे. तास आपला! मोठ्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. लिहिलं होतं, "संगणकाचा तास भाषेकडेच राहील. आणखी एक तास गणिताला देते, पण त्यात तुम्ही यायचं. आमच्या गणितात एक माणूस हौदाला दोन नळ लावतो आणि तिसऱ्या नळाने पाणी सोडून देतो. तो असं का करतो, हे मुलांना जरा शोधू दे." मामा, मी ती चिठ्ठी हातात घेऊन जिन्यात उडी मारली. खेळाच्या सरांनी बघितली. बघू दे.

तुमचं पत्र वर्गात वाचून दाखवलं. "निद्रा" ची क्षमा आली तेव्हा टाळ्या पडल्या. लाल अक्षरांची ओळ मात्र त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग मुलांनी आपापसात बैठक घेतली आणि तुम्हाला स्वतः पत्र लिहिलं. सोबत जोडलंय. मी एकही चूक काढलेली नाही. तुम्हीही काढू नका.

तुमचीच,
ठकू


(सोबत)

प्रिय मामा,

आम्ही तुम्हाला माफ केलं आहे. पण अटी आहेत. फुगे वाचायचे पण हात लावायचा नाही. शुध्दलेखन विचारलं तरच सांगायचं. तुमची दुकानाच्या पाटयांची चित्रकथा आम्ही बघितली, ती आमच्या खात्यातच सेव झाली होती. आम्हाला फार आवडली. तुमच्या म्हाताऱ्याची काठी काढता येते. तिच्यावर दोनदा दाबायचं. दुसरी चित्रकथा अर्धी राहिली आहे ती पुर्ण करा.

आम्ही पासवर्ड पुन्हा पहिलाच केला आहे.

प्रश्न १. "कडी लावू नका. अजून एक जण यायचा आहे." कोण कोणास म्हणाले? (२ गुण)

सातवी ब


७ सप्टेंबर

सातवी ब च्या बालमित्रांनो,

तुमचं पत्र मिळालं. लाल पेन मी खणात ठेवलं आणि खणाची किल्ली सुनेकडे दिली. त्यानंतरच वाचलं.

काठी निघाली. आभारी आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलो. हा प्रश्न मी इतकी वर्षं घातला, पण कोणी मलाच घातला नव्हता. पहिल्याच ओळीत अडलो. मुलांनो, कोण म्हणाले ते मला सांगता येत नाही. तुम्ही चाळीस जण आहात, तुम्ही शेपटी ठेवलेली नाही, आणि ते बरोबर आहे. तो एक गुण कापा.

पण कोणास म्हणाले, ते मला ठाऊक आहे.

मला.

तुमचा,
मामा